सतरा दिवसांची वाट, अर्ध्या तासाचे विमान

(थ्रेड)

(१)
नामचे बाजार, उंची ३,४४० मीटर. एव्हरेस्टच्या तळछावणीकडे निघालेल्या बहुतेक तुकड्यांचा येथे एक दिवस ‘विश्रांती’च्या नावाने जातो. आकाश निरभ्र असते, पाय ताजे असतात, तरीही गाइड पुढच्या मुक्कामाला निघू देत नाही. सकाळी तो सर्वांना गावामागच्या चढावर नेतो, दूरवरचा एव्हरेस्टचा माथा दाखवतो आणि दुपारी पुन्हा खाली, त्याच खोलीत आणून सोडतो. पुष्कळांना हा दिवस फुकट गेल्यासारखा वाटतो. वस्तुतः त्या एका दिवसात पाऊणशे वर्षांचा इतिहास घडी घालून ठेवलेला आहे.

(२)
१९२१ ते १९३८ या काळात एव्हरेस्टवर सात ब्रिटिश मोहिमा गेल्या; त्या सर्व दार्जिलिंगहून तिबेटमार्गे, पर्वताच्या उत्तर बाजूने. दक्षिणेकडचे नेपाळ परकीयांना बंद होते. १९५० च्या सुमारास चित्र उलटले. तिबेटची वाट मिटली आणि नेपाळचे दार किलकिले झाले. ज्या खोऱ्यातून आज हजारो लोक चालत जातात, ते खुंबू खोरे तोवर बाहेरच्या गिर्यारोहकांनी जवळून पाहिलेच नव्हते.

(३)
१९५० च्या शरद ऋतूत पाच जणांची एक छोटी तुकडी बिहारच्या सीमेवरील जोगबनी येथे रेल्वेतून उतरली. अमेरिकेचे ऑस्कर ह्यूस्टन, त्यांचा डॉक्टर मुलगा चार्ल्स, बेट्सी काउल्स, अँडरसन बेकवेल आणि इंग्रज गिर्यारोहक बिल टिलमन. शिखर चढण्याचा त्यांचा इरादा नव्हता. दोनेक आठवडे चालत ते नामचे आणि तेंगबोचेच्या मठापर्यंत पोहोचले. तेथून टिलमन आणि चार्ल्स ह्यूस्टन खुंबू हिमनदीच्या दिशेने पुढे गेले, पर्वताचा पायथा न्याहाळला आणि या बाजूने चढाई अवघड दिसते असे मत घेऊन परतले. आजच्या बेस कॅम्प ट्रेकची पहिली पावले म्हणायची तर हीच.

(४)
त्यांचा अंदाज तीनच वर्षांत खोटा ठरला. १० मार्च १९५३ रोजी जॉन हंट यांची मोहीम काठमांडू खोऱ्यातील भक्तपूरहून निघाली. सुमारे साडेतीनशे भारवाहक, सतरा दिवसांची चाल. रोज एक डोंगर चढायचा, पलीकडच्या नदीपर्यंत उतरायचे, पुन्हा चढायचे. नेपाळच्या नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतात आणि ही वाट पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. त्यामुळे वाटेत प्रत्येक रांग आडवी येते.

(५)
ही चाल कंटाळवाणी होती, पण निरर्थक नव्हती. तेंगबोचेला पोहोचल्यावरही मोहीम थेट पर्वताला भिडली नाही. सुमारे तीन आठवडे गिर्यारोहक आसपासच्या खिंडी आणि लहान शिखरे चढत-उतरत राहिले. शरीरविज्ञानाचे अभ्यासक ग्रिफिथ प्यू यांचा तसा आग्रह होता. भरपूर पाणी, पुरेसा आहार, प्राणवायू आणि विरळ हवेशी जुळवून घेण्यासाठी वेळ, हे त्यांचे सूत्र. २९ मे रोजी तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी माथ्यावर उभे राहिले, त्यामागे या संथपणाचा वाटा मोठा होता.

(६)
यानंतर या कथेत दोन माणसे येतात. दोघांचाही हेतू चांगला होता.
पहिले हिलरी. शेर्पांच्या मुलांसाठी त्यांनी १९६१ मध्ये खुमजुंगला शाळा उभारली. पुढे खुंदे येथे रुग्णालय बांधायचे होते आणि साहित्य पाठीवरून आणणे जिकिरीचे होते. म्हणून १९६४ मध्ये लुक्ला येथे उतारावर धावपट्टी करण्यात आली. जमीन भुसभुशीत होती. शेर्पा स्त्रीपुरुषांनी हातात हात गुंफून, पाय आपटत नाच करून ती दाबली, असे सांगतात. रुग्णालय १९६६ मध्ये सुरू झाले.

(७)
दुसरे जिमी रॉबर्ट्स, गुरखा पलटणीतील निवृत्त अधिकारी. १९५३ च्या मोहिमेसाठी प्राणवायूच्या नळकांड्या पोहोचवण्याचे काम त्यांनी केले होते. त्यांच्या लक्षात आले की शिखर न चढता केवळ हिमालयात चालण्यासाठीही लोक येतील. त्यांना तंबू, जेवण, भारवाहक आणि वाटाड्या द्यायचा. १९६४ मध्ये त्यांनी काठमांडूत ‘माउंटन ट्रॅव्हल’ ही संस्था काढली आणि पुढल्या वर्षी तीन अमेरिकन स्त्रियांना घेऊन पहिली सफर नेली. गाइडसह होणाऱ्या बहुदिवसीय ट्रेकचा आजचा साचा तेव्हा घडला.

(८)
धावपट्टी औषधांसाठी झाली, ट्रेक आनंदासाठी. दोन्ही एकत्र आले तेव्हा मात्र कोणाच्या ध्यानीमनी नसलेली गोष्ट घडली. काठमांडू सुमारे १,४०० मीटरवर, लुक्ला सुमारे २,८५० मीटरवर. मधले दोन आठवडे अर्ध्या तासात संपले. माणूस पुढे आला. शरीर मागेच राहिले.

(९)
त्याचा अर्थ काय, हे उलगडण्यात एक जुने नाव पुन्हा भेटते. चार्ल्स ह्यूस्टन यांनी १९४६ मध्येच चार नौसैनिकांना हवेचा दाब कमी करता येणाऱ्या खोलीत ठेवून, महिनाभर हळूहळू ‘उंची’ वाढवत, शरीर कसे जुळवून घेते याचा प्रयोग केला होता. पुढे कोलोरॅडोतील ॲस्पेन गावी वैद्यकी करताना त्यांच्याकडे एक धडधाकट तरुण स्कीपटू आला. श्वास लागलेला, फुप्फुसांत पाणी. असा रुग्ण न्यूमोनियाचा किंवा हृदयविकाराचा समजला जाई. ह्यूस्टन यांनी १९६० मध्ये मांडले की निरोगी माणसाच्या फुप्फुसांत केवळ उंचीमुळेही पाणी साठू शकते.

(१०)
या ज्ञानात भारतीय जवानांच्या वेदनेचाही वाटा आहे. १९६२ च्या युद्धकाळात सपाट प्रदेशातील सैनिकांना घाईने हिमालयाच्या उंचीवर न्यावे लागले. त्यांतील अनेक जण गोळी न लागताच आडवे झाले. लष्करी वैद्य इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांच्या निरीक्षणांवरून १९६९ मध्ये उंचीच्या आजाराचे जे वर्णन प्रसिद्ध केले, ते आजही या विषयातील पायाभूत काम मानले जाते.

(११)
१९७३ मध्ये हिमालयन रेस्क्यू असोसिएशन स्थापन झाली आणि फेरिचे येथे, ४,२४३ मीटरवर, तिचे छोटे आरोग्यकेंद्र सुरू झाले. तेथे पीटर हॅकेट आणि ड्रमंड रेनी यांनी वर जाणाऱ्या २७८ ट्रेकरांची पाहणी केली. निष्कर्ष १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले : ५३ टक्के लोकांना उंचीचा त्रास झाला होता. लुक्लाला विमानाने उतरलेल्यांत, भरभर चढलेल्यांत आणि वाटेत कमी रात्री काढलेल्यांत तो अधिक होता. तरुणांतही तो अधिक होता. दमछाकीची सवय हे त्यावरचे कवच नव्हे.

(१२)
हे शेवटचे वाक्य मराठी ट्रेकरांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगे. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. लुक्लाची धावपट्टी त्याहून हजारभर मीटर उंच आहे. सह्याद्रीच्या गडवाटांनी पाय कणखर होतात, छाती भरते, चढाची भीती जाते. पण विरळ हवेची ओळख त्या वाटा करून देऊ शकत नाहीत. तळछावणीवर, ५,३६४ मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो.

(१३)
आजचे नियम या सगळ्यातून आले. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये. तीन-चार दिवसांनी एकाच ठिकाणी दुसरी रात्र काढावी. दिवसा वर जावे, झोपायला खाली यावे. म्हणून नामचेला एक दिवस, दिंगबोचेला एक दिवस. सतरा दिवसांच्या हरवलेल्या वाटेचे हे उरलेले दोन तुकडे आहेत.

(१४)
तरीही दरवर्षी कोणीतरी डोकेदुखी लपवतो. रजा मोजकी असते, पैसे भरलेले असतात, घरी सर्वांना सांगून झालेले असते. गाइडने विचारले की उत्तर येते, “काही नाही, झोप झाली नाही.” रात्री उलटी होते, सकाळी सरळ रेषेत चालता येत नाही. अशा वेळी खाली उतरणे हाच खरा उपाय असतो, आणि जितका उशीर तितके उतरणे कठीण. सोबतचे भारवाहकही या संकटातून सुटलेले नाहीत. त्यांतले पुष्कळ जण राई, तामांग असे खालच्या खोऱ्यांतले. उंची त्यांच्याही रक्ताला परकीच असते. फरक एवढाच की मजुरी बुडण्याच्या भीतीने ते आपली डोकेदुखी अधिक निमूटपणे लपवतात.

(१५)
हिलरींनी पुढे खुंबूतील वाढत्या पर्यटनाबद्दल चिंता व्यक्त केली. पण त्या धावपट्टीमुळे शाळा, दवाखाने आणि कित्येकांचे प्राण वाचवणारी विमानेही आली, हे नाकारता येत नाही. वाट आखूड करणे हा दोष नव्हे. वाट आखूड झाली म्हणून शरीराचा वेळही आखूड होतो असे मानणे, हा दोष.

(१६)
थुकला खिंडीच्या माथ्यावर एव्हरेस्टवर प्राण गमावलेल्यांची दगडी स्मारके आहेत. तेथे पोहोचेपर्यंत प्रत्येक ट्रेकरच्या कानावर एक नेपाळी शब्द शेकडो वेळा पडलेला असतो : “बिस्तारै, बिस्तारै.” हळूहळू. पर्यटकाला तो गाइडचा तोंडी पडलेला शब्द वाटतो. भक्तपूरहून निघालेले भारवाहक, हिमालयात कोसळलेले जवान आणि फेरिचेच्या नोंदवहीतील २७८ माणसे, या सर्वांनी शिकवलेले त्या एका शब्दात मावते.