शिट्ट्या आणि टाळ्या

स्वित्झर्लंड म्हटले म्हणजे हिमशिखरे आणि घड्याळे डोळ्यांपुढे उभी राहतात. फुटबॉल सहसा आठवत नाही. तरीही या चिमुकल्या देशाने अलेक्झांडर फ्राय यांच्यासारखा आघाडीवीर घडविला. २००१ ते २०११ या दहा वर्षांत ते देशासाठी ८४ सामने खेळले आणि त्यांत त्यांनी ४२ गोल केले. दोन सामन्यांमागे एक गोल! हा राष्ट्रीय विक्रम अद्याप कोणी मोडलेला नाही.

ऱ्हाईन नदीकाठच्या बाझेल शहरी १५ जुलै १९७९ रोजी त्यांचा जन्म झाला. पुढे ते फ्रान्समधील रेन या संघाकडून खेळू लागले आणि २००४-०५ च्या हंगामात २० गोल करून तेथील साखळी स्पर्धेत अग्रस्थानी राहिले. गोलासमोरच्या गर्दीत चेंडू कोठे येऊन पडेल, हे त्यांना इतरांच्या आधी उमगे.

इतके असूनही स्वदेशातील प्रेक्षक त्यांच्यावर एकमुखाने प्रसन्न नव्हते. २००४ च्या युरोपीय स्पर्धेत ते एका इंग्रज खेळाडूवर थुंकले, प्रथम त्यांनी ते नाकारले आणि अखेर चित्रफितीने ते उघडे पडले. त्यांच्यावर बंदी आली, ती योग्यच होती. २००६ च्या विश्वचषकात युक्रेनविरुद्धचा सामना बरोबरीत रेंगाळला, तेव्हा ११७ व्या मिनिटाला प्रशिक्षकांनी त्यांना बाहेर बोलावले. पाठोपाठ पेनल्टींचा निर्णायक डाव आला, आणि स्वित्झर्लंडचे तिन्ही फटके वाया गेले. संघाचा सर्वांत भरवशाचा नेमबाज तेव्हा मैदानाबाहेर होता!

२००८ ची युरोपीय स्पर्धा स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्या भूमीवर भरली. तिच्या थोडे आधीच फ्राय यांनी त्युर्किल्माझ यांचा ३४ गोलांचा विक्रम मागे टाकला होता. ७ जून रोजी पहिला सामना झाला, तोही त्यांच्याच बाझेलमध्ये. कर्णधारपद त्यांच्याकडे होते. मध्यंतरापूर्वीच गुडघा दुखावला आणि हा कणखर पुरुष सर्वांदेखत रडत मैदानाबाहेर गेला. स्पर्धा त्यांच्यापुरती तेथेच संपली.

त्यानंतर मात्र गोल आटले की शिट्ट्या वाजू लागल्या. आपल्याकडे शिट्टी ही वाहवा असते. युरोपातील मैदानांवर ती नापसंतीची खूण आहे. ज्याने सर्वांत अधिक गोल दिले, त्याच्याकडेच सर्वांत अधिक मागितले जावे, हा न्याय विचित्र खरा! एप्रिल २०११ मध्ये फ्राय यांनी राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला.

जर्मनीतील डॉर्टमुंड संघाकडून काही वर्षे खेळून २००९ मध्येच ते बाझेलच्या संघात परतले होते. तेथे २०१०, २०११ आणि २०१२ अशी लागोपाठ तीन वर्षे त्यांनी राष्ट्रीय विजेतेपदाचा आनंद अनुभवला. ७ डिसेंबर २०११ च्या रात्री बलाढ्य मँचेस्टर युनायटेड बाझेलला आले. यजमान एका गोलाने पुढे होते. पण एवढ्याशा आघाडीचा भरवसा कोण धरणार? ८४ व्या मिनिटाला फ्राय यांनी दुसरा गोल केला. पाहुण्यांनी नंतर एक गोल फेडला खरा, पण बाझेलने सामना २-१ असा जिंकला आणि युनायटेडला चॅम्पियन्स लीगमधून बाहेर पडावे लागले. तीन वर्षांपूर्वी ज्या सेंट याकोब मैदानावरून ते रडत बाहेर पडले होते, तेच मैदान त्या रात्री जयघोषाने दुमदुमत होते.