बोरघाटातला ओळंबा

यंदाच्या सुट्टीत मी आणि माझी सातवीतली भाची मुंबईहून पुण्याला आगगाडीने निघालो होतो. कर्जतला गाडी थांबली. गरमागरम वडे खिडकीशी आले आणि तेवढ्यात मागून धप्पकन धक्का बसला. पुढे बोरघाट ना! चढावर जोर लावायला मागून जादा इंजिने जोडली, त्यांचाच हा धक्का.

भाचीने मोबाइलमधला त्वरणमापक सुरू करून तो खिडकीखालच्या टेबलावर चिकटपट्टीने बसवला होता. धक्क्यासरशी आकडे उडाले नि पुन्हा शांत झाले. गाडीच्या लांबीच्या दिशेचा आकडा तिने वहीत टिपला. मग मी ३७ सेंटिमीटर दोऱ्याला खोडरबर बांधून खुंटीला टांगायला सांगितले. रबर जिथे स्थिरावले, तिथे कागद चिकटवून खूण केली. "३७च का गं मावशी?" "घाटात सांगते!"

हा त्वरणमापक म्हणजे काय? एसटीत उभे असताना गाडी एकदम निघाली की तुम्ही मागे झुकता, ब्रेक लागला की पुढे. मोबाइलमध्ये असाच एक 'उभा प्रवासी' असतो. सिलिकॉनचा अगदी इवलासा तुकडा, तितक्याच बारीक स्प्रिंगांवर तोललेला. त्याला कंगव्यासारखे दाते असतात आणि प्रत्येक दात्याच्या दोन्ही बाजूंना न हलणारे दाते. मधली फट किती? एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यातल्या एक-दोन भागांएवढी!

समोरासमोरच्या दोन दात्यांचा होतो कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारी जोडी. दाते जवळ आले की साठवण्याची क्षमता वाढते, लांब गेले की घटते. तुकडा जरा सरकला की एका बाजूची फट कमी होते, दुसऱ्या बाजूची वाढते. हा फरक शेजारचे सर्किट मोजते आणि त्याचा आकडा करते. १९९०च्या दशकात अशा चिप मोटारींत बसू लागल्या. टक्कर झाली की एअरबॅग क्षणात फुगवायची, ही त्यांची कामगिरी.

पळसदरी मागे पडली. बोगदे सुरू झाले. अंधार, उजेड, दरी, पुन्हा अंधार. ठाकूरवाडीच्या पुढे सिग्नलला गाडी थांबली. भाची ओरडली, "मावशी, गाडी उभी आहे, मग आकडा का बदललाय? मोबाइल बिघडला!"

कर्जतच्या आकड्यापेक्षा साधारण ०.२६ चा फरक होता. मोबाइल बिघडला नव्हता. चढावर उभ्या गाडीत पृथ्वी त्या तुकड्याला किंचित मागच्या बाजूला ओढते. गाडी वेग घेते तेव्हाही तो मागेच सरकतो. बिचाऱ्या चिपला दोन्ही सारखेच! उलट सपाटीवर गाडी एकाच वेगाने सरळ धावत असेल, तर तिला ती उभीच वाटते. कारण ती वेग मोजत नाही, वेगातला बदल मोजते.

"आता ९.८ ला ०.२६ ने भाग," मी म्हटले. उत्तर आले ३७च्या जरा वर. म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना गाडी १ मीटर वर चढते. बोरघाटाचा चढ आहेच तेवढा! १८६३ साली हा मार्ग सुरू झाला. तो खोदताना हजारो मजुरांनी प्राण गमावले. त्यांच्या कष्टाचा चढ त्या दाण्याएवढ्या चिपने ओळखला होता.

"आणि माझा दोरा?" भाचीने पट्टी लावली. रबर खुणेपासून मागे सरकले होते, बरोबर १ सेंटिमीटर!

गवंडीदादांचा ओळंबा आणि मोबाइलमधली चिप, दोघांचे उत्तर एकच. तुमच्याकडे मोबाइल नसला तरी काही बिघडत नाही. दोरा, खोडरबर आणि पट्टी घ्या. पुढच्या घाटात गाडी थांबली की मोजा पाहू!