दुसरे इंजिन

मोटारीच्या बाबतीत मी अगदीच ‘ढ’ आहे, हे आधीच कबूल केलेले बरे. वाक्यातला प्रयोग कर्तरी की कर्मणी ते मी झोपेतही सांगेन. पण इंजिन हसते आहे की कण्हते आहे, हे मला कळत नाही. आणि वडिलांच्या माघारी त्यांची मारुती आठशे नेमकी माझ्याच वाट्याला आली! वडील दर रविवारी सकाळी बॉनेट उघडून तासभर उभे राहत. आम्ही त्यांना हसत असू.

व्हायचे ते २०२२ च्या मे महिन्यात, साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या घाटात झाले. काटा वर चढतो आहे हे मला दिसत होते. पण वरचे वळण तेवढे गाठू, म्हणून मी गाडी रेटली. वाफेचा लोट उठला आणि वडिलांची गाडी जी थांबली ती थांबलीच.

इंजिन जाम झाले होते. त्या गाडीचे उत्पादन तर २०१४ सालीच थांबलेले. अखेर दुसऱ्या गाडीतून उतरवलेले तसलेच ७९६ सी. सी. चे इंजिन मिळाले. मला वाटले, बसवले की झाले! पण मेस्त्री त्याला हात लावीनात. त्यांनी आमचा जुना रेडिएटर उलटा केला. तांबूस गाळ भळभळा बाहेर आला.

“सर, पहिले कशाने गेले ते आधी बघा. हा रेडिएटर ठेवलात तर दुसरेही त्याच वाटेने जाईल.”

वडील कूलंट घालीत. मी पाच वर्षे नळाचे पाणी ओतत होतो. मान खाली घालून मी रेडिएटर, रबरी नळ्या, थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप, सगळ्याला होकार दिला. इंजिन बाहेर आहे तोवर टायमिंग बेल्टही बदलून घेतला. आर. टी. ओ. त नव्या इंजिनाचा क्रमांक नोंदवला, त्या हेलपाट्यांचे पुराण नकोच!

मेस्त्रींनी पथ्यही सांगितले. पहिले ऑइल हजार किलोमीटरच्या आत बदला. मागचा मालक काय घालीत होता देव जाणे. सकाळी थंड इंजिन रेस करू नका. ऑइल वरपर्यंत पोचायला वेळ लागतो. घाटात वरच्या गिअरमध्ये धापा टाकायला लावू नका. आणि काटा चढला की तिथेच थांबा. या शेवटच्या पथ्याला त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिले.

गाडीच्या कप्प्यात वडिलांची वही सापडली. तारीख, किलोमीटर, ऑइल, सगळे पेन्सिलीने लिहिलेले. त्यांच्या शेवटच्या नोंदीपुढे माझी पाच वर्षे कोरी. तीन वर्षांत या इंजिनाने तीस हजार किलोमीटर कापले. त्यांचा हिशेब आता मी त्याच वहीत मांडतो.

गेल्या रविवारी खिडकीतून हिचा आवाज आला, “अहो, चहा निवला!” मी डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवून पाहत होतो. ऑइल दोन खुणांच्या बरोबर मध्ये होते.