पाय उचलून बघा

"गाडी थरथरते" असं म्हणत गिऱ्हाईक आलं, की बऱ्याच गॅरेजांत आधी बॉनेट वर जातं. मी चहा सांगतो आणि विचारत बसतो. स्पीड किती असताना? गिअर कुठला? चढावर की सपाटीला? हादरा स्टिअरिंगला येतो की सीटखाली? आणि ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की काय होतं? या शेवटच्या प्रश्नाला माणूस हमखास अडखळतो. गाडी हादरली की पाय आपसूक वर येतो, त्याची नोंद कोण ठेवणार?

थरथर वेगाशी बांधलेली असते, इंजिनच्या फेऱ्यांशी असते, नाहीतर इंजिनवर पडणाऱ्या जोराशी. चाकाचं बॅलन्सिंग गेलेलं असेल, तर ऐंशी-नव्वदला स्टिअरिंग थरथरतं आणि पाय उचलून गाडी न्यूट्रल केली तरी वेग उतरेपर्यंत थांबत नाही. पहिल्या गिअरला उचलतानाच गचके बसत असतील तर क्लच बघायचा. इथवर फार डोकं लागत नाही.

डोकं लागतं ते फक्त जोराखाली येणाऱ्या हादऱ्याला. सीएनजीची गाडी असेल तर पहिला संशय मिसिंगचा, म्हणजे एखादा सिलिंडर पेट न घेण्याचा. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते, त्यामुळे झिजलेला प्लग किंवा थकलेली कॉइल पेट्रोलवर निभावून नेते आणि गॅसवर चढाला उघडी पडते. अशा वेळी स्कॅनर कामाचा. तो सिलिंडरचा नंबर सांगतो. त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरला लावायची आणि पुन्हा चालवायची. तक्रार कॉइलबरोबर सरकली, तर दोष तिचाच.

पण स्कॅनर गप्प बसला म्हणजे गाडी निरोगी, असं मानणारी पोरं हल्ली वाढलीत. एक्सलवर सेन्सर नसतो, बाबांनो.

पुण्याहून साताऱ्याला येणाऱ्या एका काकांची छोटी गाडी खंबाटकीच्या चढावर तिसऱ्या गिअरला डाव्या-उजव्या अंगाला झुलत थरथरायची. आधी दुसरीकडे बॅलन्सिंग, अलाइनमेंट, नवे प्लग, सगळं होऊन खर्च गाडीच्या अंगावर चढला होता. मी त्यांना शेजारी बसवून यवतेश्वरच्या घाटात नेलं. पन्नासला, तिसऱ्यात, पाय पूर्ण दाबला: थरथर. पाय उचलला: त्याच क्षणी बंद. उतरताना तोच वेग, काही नाही; म्हणजे चाकं संशयातून सुटली. खाली सपाटीला दुसऱ्या गिअरमध्ये, हलक्या पायानं इंजिनचे तेवढेच फेरे ठेवले, तरी शांत. पेट्रोल आणि गॅस दोन्हींवर सारखंच, आणि ओढ कुठेही तुटत नव्हती. मिसिंग असती तर पिकअप मेला असता.

राहिला एक्सलचा आतला जॉइंट, गिअरबॉक्सकडचा. बाहेरचा जॉइंट गेला तर स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी उचलताना कटकट वाजतो, तो कुणालाही सापडतो. आतला वाजत नाही. त्याच्या कपात तीन खाचा असतात आणि त्यांत तीन रोलर पुढे-मागे सरकतात. खाचांना झिजून खड्डे पडले, की जोर आल्यावर रोलर अडखळतात आणि चाकाच्या एका फेऱ्यात तीनदा एक्सलला आडवा रेटा बसतो. छोट्या गाडीचं चाक साठच्या वेगाला सेकंदाला साधारण साडेआठ फेरे घेतं. म्हणजे सेकंदाला पंचवीसेक रेटे. सीटखाली जाणवते ती ही थरथर. त्यात वेग घेताना गाडीचं नाक वर उचलतं, जॉइंटचा कोन वाढतो. जोर आणि कोन एकदम वाढतात, म्हणून गाडी नेमकी चढावरच रडते.

ॲम्बेसेडर-फियाटच्या काळात जुने मिस्त्री गाडीखाली शिरून प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस हातानं हलवून निदान करायचे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांना ओढ देणारी गाडी घरोघर पोचली. हा आतला जॉइंट मात्र जॅकवर, चाक लोंबकळत असताना, हाताला बहुधा धडधाकटच वाटतो. तो चालवूनच पकडावा लागतो.

गिअरबॉक्सचं ऑइल काढून एक्सल बाहेर घेतला. रबरी बूट क्लिपजवळ चिरलेला, ग्रीस काळं आणि कचकचीत. ते पुसून खाचेवरून नख फिरवलं तर अडकलं. काकांनाही फिरवायला लावलं. बिल देणाऱ्यानं झीज बोटानं बघितलेली बरी. कप, रोलर, बूट, ऑइल सील सगळं नवं घातलं, आणि ग्रीस जॉइंटचंच, बेअरिंगचं नव्हे.

पण बूट चिरला तो उगाच नव्हे. सोसायटीतल्या स्पीडब्रेकरला गाडीचं पोट घासतं म्हणून काकांनी चारही स्प्रिंगांत रबरी बफर बसवून घेतले होते. गाडी उंच झाली आणि आतला जॉइंट कायमचाच तिरका राहू लागला.

"ते काढले तर परत घासेल की हो, मिस्त्री."

"पोट घासतं ते मागं माणसं बसल्यावर. मागचे राहू द्या."

पुढचे काढले. बिलात ट्रायलचे वेगळे पैसे लावले. त्यावर मात्र काकांनी, नवा कप बिनतक्रार घेणाऱ्या काकांनी, चांगलीच घासाघीस केली.