गोधडीला मुदत नसते

कर्करोगाचे उपचार सुरू झाले की घरातलं कॅलेंडर आधी बदलतं. संकष्टी आणि एकादशीच्या चौकटींशेजारी पेनाने केमोच्या तारखा लिहिल्या जातात. अनेक औषधांची सायकल 21 दिवसांची असते. रेडिएशन, ज्याला आपल्याकडे सर्रास ‘लाईट’ म्हणतात, बहुधा आठवड्याचे पाच दिवस आणि असे कित्येक आठवडे चालतं. मधल्या दिवसांत रक्ततपासणी, स्कॅन, रिपोर्ट आणि पुन्हा ओपीडी. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या रुग्णाला त्यात लोकलचं वेळापत्रकही सांभाळावं लागतं. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झालं आणि कर्जत मार्गावरच्या या गावांत कर्करोग म्हटलं की आजही पहिलं नाव त्याचंच निघतं. बदलापूर मुंबईपासून सुमारे 68 किलोमीटर. जलद गाडी परळला थांबत नाही, म्हणजे दादरला उतरून पुन्हा गाडी बदलणं आलं. दिव्यांगांच्या डब्यातून जाण्याची मुभा कर्करुग्णांना आहे, पण वेळेवर मालकी सांगण्याची मुभा कुठल्याच डब्यात नाही. नंबर लागायची वाट, सलाइन संपायची वाट, रक्तपेशींचा काउंट वाढायची वाट. दिवसभर जे काही घडतं ते रुग्णावर घडतं. त्याने स्वतः करायचं असं फार थोडं उरतं. उपचारांच्या काळातल्या हातकामाकडे, छंदाकडे आपण ‘तेवढाच विरंगुळा’ म्हणून पाहतो, आणि तिथेच त्याचं मोल कमी करतो. माझ्या मते त्या सगळ्या दिवसात रुग्णाच्या मालकीचा असा तेवढाच तुकडा असतो. तो कुठे सुरू करायचा, कुठे थांबवायचा आणि उसवायचा की नाही हे फक्त त्यानेच ठरवायचं असतं. म्हणून त्याची जागा औषधाच्या डबीइतकी पक्की असायला हवी.

यासाठी दुकानातून रंगीत पेटी आणावी लागत नाही. या तीन गावांच्या अंगात हातकाम मुरलेलं आहे. फाळणीनंतर कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींमध्ये सिंधी कुटुंबं येऊन राहिली आणि 1949 मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. सिंधमधून येताना सामान फारसं आणता आलं नाही, पण हातांना येणारं काम बरोबर आलं: पापड लाटणं, भरतकाम आणि रंगीत तुकडे जोडून शिवलेली रल्ली. शेजारच्या मराठी घरांत तिची सख्खी बहीण होतीच, गोधडी. जुनं लुगडं किंवा धोतर धुऊन मऊ करायचं, जमिनीवर अंथरून त्यावर दुसरा थर टाकायचा, सुरकुती हाताने निपटून काढायची, चारही कडांना मोठे टाके घालून थर एकमेकांना धरून ठेवायचे आणि मग कडेकडेने धावदोरा घालत मध्यावर यायचं. एक ओळ संपली की तिच्या शेजारून दुसरी. टाका वाकडा पडला तरी गोधडी गोधडीच राहते, ऊब कमी होत नाही. थकलेल्या हाताला इतकं क्षमाशील काम दुसरं क्वचितच मिळेल. दहा टाके घालून सुई अडकवून ठेवली, चार दिवसांनी पुन्हा उचलली, तरी काही बिघडत नाही. गोधडीला मुदत नसते.

इथे उल्हासनगरमधूनच पहिली हरकत यावी, आणि ती रास्त आहे. कॅम्प चार-पाचच्या गल्ल्यांमध्ये ज्यांनी जीन्स शिवण्यात वर्षं काढली, नगावर मजुरी घेऊन ज्यांची पाठ मशीनवर वाकली, त्यांना शिवणकामात विसावा कसा मिळणार? सुई-दोऱ्याचं कौतुक ज्याला त्यावर पोट भरावं लागत नाही त्याने करावं, असं कोणी म्हटलं तर ते खोटं नाही. पण या हरकतीतच उत्तर सापडतं. नगावरच्या कामात प्रत्येक टाक्याची मोजणी दुसऱ्याची असते: किती झाले, कधी देणार, एकाची शिलाई सुटली तर किती कापणार. शरीर तेच, सुई तीच. फरक मोजणी कोणाची यात आहे. म्हणून जिने आयुष्यभर शिवलं तिला कोणी गोधडी घेऊन बसवू नये. तिला कदाचित कुंडीतलं रोप आवडेल, कदाचित गाणं ऐकणं, कदाचित हात मांडीवर ठेवून निवांत बसणं. कोणता छंद चांगला याची यादी बाहेरून करता येत नाही; ज्यात कोणी हिशेब मागत नाही तो चांगला, इतकंच म्हणता येतं. मुंबईत 1969 पासून काम करणाऱ्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनच्या महालक्ष्मी इथल्या पुनर्वसन केंद्रात रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक हाताने वस्तू बनवतात आणि त्यातून त्यांना उत्पन्न मिळतं. घर चालवण्यासाठी ते फार मोलाचं आहे आणि कमावणाऱ्या हाताचा मान त्यात आहे. पण ते रोजगाराचं काम झालं. केमोच्या तिसऱ्या दिवशी अंथरुणावर बसलेल्या माणसाकडून आपण तीच अपेक्षा ठेवू नये, ‘विकता येईल गं हे’ असं कौतुकानेही म्हणू नये. विकायचं ठरलं की मोजणी परत आली.

दुसरी हरकत पुराव्याची. हे सगळं ऐकायला बरं वाटतं, पण याने खरोखर काही होतं का? शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न रुग्णालयात दाखल असलेल्या 50 कर्करुग्णांचा एक अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. एक तासभर चित्रकलेचं काम केल्यानंतर वेदना, थकवा, चिंता अशा नऊ त्रासांपैकी आठ कमी झाल्याचं रुग्णांनी सांगितलं. मळमळ तेवढी हटली नाही. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून या अभ्यासावर फार भार टाकता येत नाही. पण मळमळीबद्दलचा तो प्रामाणिक आकडा मला विश्वासाचा वाटतो, कारण रंगपेटीने उलटी थांबत नाही हे कोणत्याही घराला माहीत असतं. संगीताबद्दलचा पुरावा जास्त आहे. 2021 च्या कॉक्रेन आढाव्यात 81 चाचण्या आणि 5576 रुग्ण होते. संगीताने प्रौढ रुग्णांची चिंता, वेदना आणि थकवा कमी होऊ शकतो असा त्याचा कल आहे, आणि यातल्या बऱ्याचशा पुराव्याची खात्री कमी आहे हेही त्यात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे दावा करायचा तो बेताचा करावा. छंदाने गाठ विरघळत नाही. छंदासाठी केमोची तारीख पुढे ढकलू नये, आणि कोणी तसा सल्ला दिला तर त्याला दारातूनच परत पाठवावं. पण उपचारांचा तास सोसण्याजोगा होत असेल, तर ते कमी नाही.

आयुष्य वाढत नाही तर मग उपयोग काय, असं यावर कोणी विचारेल. हा प्रश्न वैद्यकाने स्वतःलाही विचारून पाहिला आहे. पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या 86 स्त्रियांवरचा अमेरिकेतला अभ्यास 1989 मध्ये आला. दर आठवड्याला एकत्र बसून बोलणाऱ्या स्त्रिया इतरांच्या जवळजवळ दुप्पट काळ जगल्या असं त्यात दिसलं आणि जगभर आशा पसरली. 2001 मध्ये कॅनडातल्या 235 स्त्रियांवर तोच प्रश्न पुन्हा तपासला गेला. आयुष्य वाढलं नाही. मात्र मनाची अवस्था सुधारली आणि वेदना कमी जाणवली, विशेषतः ज्यांना आधी जास्त त्रास होता त्यांच्या बाबतीत. काहींना हा निकाल पराभवासारखा वाटला. मला तो फार मोठी मोकळीक देणारा वाटतो. हातकामाने आयुष्य वाढत असतं तर तेही कर्तव्य झालं असतं; रुग्णाने एक दिवस विणकाम केलं नाही म्हणून घरच्यांनी काळजीने त्याच्याकडे पाहिलं असतं. ‘मन प्रसन्न ठेव म्हणजे बरं वाटेल’ हे वाक्य आपल्याकडे भेटायला येणारा प्रत्येक जण बोलतो, आणि आजार वाढला की त्याच वाक्याचा अर्थ ‘तुझंच मन कमी पडलं’ असा लागतो. इतका अन्याय कोणावर होऊ नये. आनंदाला औषधाच्या चिठ्ठीची गरज नसते. संध्याकाळ बरी गेली, हे कारण संध्याकाळपुरतं पुरेसं आहे.

आता शरीराचं ऐकायला हवं, कारण चुकीचा छंद त्रासही देतो. पॅक्लिटॅक्सेल, व्हिन्क्रिस्टिन, ऑक्सॅलिप्लॅटिन यांसारख्या औषधांनी बोटांची टोकं बधिर होतात, मुंग्या येतात. सुई बोटाला लागली तरी कळत नाही. जीन्सच्या कातरणाचे जाड तुकडे अशा बोटांना ढकलवत नाहीत. मऊ सुती कापड, मोठ्या नेढ्याची सुई आणि बोटात अंगुस्ताना हवा, नाहीतर सुई बाजूला ठेवून लोकर आणि जाड क्रोशा घ्यावा. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सूज येण्याचा धोका पुढेही राहतो, म्हणून टोचण्याला आणि एकाच जागी तासन्तास राबवण्याला जपावं. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत काउंट सर्वांत खाली जातात. त्या दिवसांत कुंडीतली माती उकरणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, मातीत बुरशीचे कण असतात. एरवीही हातमोजे आणि मास्क हवा. प्लेटलेट कमी असतील तर कात्री, पत्ती, कोरणी लांब ठेवाव्यात. टर्पेंटाइनच्या वासाने मळमळ उसळते. आणि मन एका जागी ठरत नसेल, वाचलेलं पान लगेच पुसलं जात असेल, तर तो आळस नव्हे. उपचारांमुळे बऱ्याच जणांना असं होतं. बदलापूरचं ग्रंथसखा वाचनालय दुर्मीळ मराठी ग्रंथांसाठी ओळखलं जातं, पण या काळात जाडजूड कादंबरीपेक्षा जुन्या अंकातलं दोन पानी काहीतरी, तेही दुसऱ्याने वाचून दाखवलेलं, जास्त उतरतं.

सुई, माती, वास, यातलं काहीच न लागणारा एक छंद प्रत्येक घराला ठाऊक आहे, ठिपक्यांची रांगोळी. ती पीठ-रंग घेऊन जमिनीवर वाकून काढायची गरज नाही. वही आणि पेन्सिल पुरते, आणि भुकटी श्वासात जात नाही. पंधरा ते आठ ठिपके म्हटलं की मधल्या ओळीत 15, मग वर आणि खाली एकेक कमी करत दोन्ही टोकांना 8, प्रत्येक ठिपका मागच्या दोघांच्या मधोमध. सगळे मिळून 169 ठिपके. ते मांडून होईपर्यंतच ओपीडीतला बराच वेळ सरतो, आणि नाव पुकारलं तर वही मिटून उठता येतं. नंतर कुठून रेष वळवायची, कुठली पाकळी बंद करायची हे ज्याचं त्याने पाहावं. यात मोजणी आहेच, पण ती स्वतःची. आणि जिथे तेवढीही ताकद नसेल तिथे ऐकणं आहे. उन्हाळ्यात अंबरनाथ-बदलापूरच्या झाडांवरून तांबट पक्ष्याची एकसुरी टुक-टुक दुपारभर चालते. खिडकीशी पडून ती ऐकणं, कोकीळ कधी सुरू झाली ते वहीत नोंदवणं, हाही पूर्ण छंद आहे.

पुरुषांबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण ‘हे बायकांचं काम’ म्हणून ते बाजूला सरतात आणि टीव्हीसमोर एकटे उरतात. अंबरनाथच्या कारखान्यांत फिटर, टर्नर म्हणून ज्यांनी हयात घालवली, त्यांच्या हातांना माप कळतं, जोड कळतो. त्यांना बिघडलेला रेडिओ, बुद्धिबळाचा पट, अंबरनाथच्या 1060 सालच्या शिवमंदिराच्या भिंतीवरची नक्षी कागदावर उतरवणं, यातलं काहीही जवळचं वाटेल. आपल्या लोकलमध्ये टाळ घेऊन भजन म्हणणारे गट वर्षानुवर्षं आहेत. त्यातला एक जण आजारी पडला तर रविवारी त्याच्या घरी जाऊन दोन अभंग म्हणणं, काउंट बरे असतील तेव्हा, मास्क लावून, ही त्याच्यासाठी मोठी गोष्ट आहे. फळांची टोपली घेऊन जाऊन ‘आता कसं वाटतंय’ विचारण्यापेक्षा नक्कीच.

एक हरकत राहते: जागेची आणि काळजीवाहूंची. एका खोलीच्या घरात, औषधांच्या खर्चाने वाकलेल्या कुटुंबात, जिथे सून नोकरी सांभाळून डबे आणि फाइल सांभाळते, तिथे छंद कोणाला सुचणार? पण छंदाची गरज तिथेच रुग्ण आणि काळजीवाहू दोघांना आहे. मावळ-मुळशीपासून मराठवाड्यापर्यंत जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांच्या प्रयत्नांतून जमा झाल्या. एरवी तोंडातून न निघणारं दुःख बायकांनी दळताना सांगितलं. हात कामात असला की समोरच्याच्या डोळ्यांत पाहावं लागत नाही, आणि म्हणून जीभ सुटते. आजारी सासू आणि थकलेली सून एकाच गोधडीच्या दोन कडांना बसल्या तर ‘मला भीती वाटते’ हे वाक्य कधीतरी सहज बोललं जाईल. समोरासमोर बसून ते बोलणं जवळजवळ अशक्य असतं.

म्हणून घरच्यांना सांगायचं ते एवढंच. केमोच्या फाइलबरोबर एक पिशवी ठेवा: वही, पेन्सिल, लोकर, जे त्या माणसाला हवं ते, त्यानेच निवडलेलं. रोज एकदा विचारा, ‘आज काही करावंसं वाटतंय का?’ उत्तर ‘नाही’ आलं तर पुन्हा विचारू नका, आणि काय झालं ते मोजू नका. तिन्ही शहरांतले बचतगट, वाचनालयं, भजनी मंडळं हेच काम गल्लीगल्लीत करू शकतात. त्यासाठी वेगळी इमारत लागत नाही. उपचार डॉक्टरांच्या हातात राहू द्या. पण दिवसातला एखादा तास रुग्णाच्या हातात परत देणं आपल्याला आजपासून जमू शकतं, आणि त्या तासात त्याने काहीच केलं नाही, तरी तो तास त्याचाच राहिला पाहिजे.