अस्वल संपलं, केळं राहिलं

मोबाइलवर एकदा फळांच्या सजावटीचा व्हिडिओ बघितला की पुढचे आठ दिवस तेच व्हिडिओ येत राहतात. सफरचंदाचं घुबड, द्राक्षांचा सुरवंट, कलिंगडाचा मासा, किवीचं कासव. घरात लहान मूल असलेल्या आपल्या पिढीतल्या बहुतेक आयांनी, आणि आता बऱ्याच बाबांनीही, यातलं काही ना काही करून पाहिलेलं असतं. मीही करते. माझी लेक पाच वर्षांची आहे आणि फळ पुढे आलं की तिचे ओठ आतून कडी लावल्यासारखे बंद होतात. अशा घरात संध्याकाळच्या खाऊची बशी ही नुसती गंमत राहत नाही. ती रोजची वाटाघाट असते.

माझं माहेर पेडण्याचं, सासर डिचोलीचं. दोन्हीकडे बाजारात जाण्याआधी परसात डोकावायची सवय. चिकू, पपई, केळी, उन्हाळ्यात आंबे आणि जांब. म्हणजे फळांची वाण नाही. खाणाऱ्याची होती.

सासूबाईंना हा सजावटीचा प्रकार सुरुवातीपासून पसंत नव्हता. “अन्नाशी खेळू नये” हे त्यांचं वाक्य आपल्या सगळ्यांच्या लहानपणापासून ओळखीचं आहे. त्यांनी मला थांबवलं नाही, पण सफरचंदाला लवंगांचे डोळे बसवताना पाहून एकदा म्हणाल्या, “अगो, देवानं त्याला रूप दिलंय ते काय कमी पडलं?” मी हसून सोडून दिलं. लेक अर्धं सफरचंद खाते आहे ना, मग घुबड होऊ दे नाहीतर हत्ती.

मग आलं अस्वल. तिच्या गोष्टीच्या पुस्तकातलं, गुबगुबीत, निळ्या टोपीचं. केळ्याच्या चकत्यांचे कान, चिकूचं नाक, मनुकांचे डोळे. दोन मिनिटांत बशी रिकामी! दुसऱ्या दिवशी त्याच घडातलं केळं सोलून तिच्या हातात दिलं, तर तिनं तोंड फिरवलं.

“मला हे नको. अस्वल दे.”

“अगं, काल अस्वलात हेच केळं होतं.”

“ते केळं नव्हतं. ते अस्वल होतं.”

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांचे खांदे हसत होते. लेकीचं म्हणणं तसं बरोबरच होतं. अस्वलानं केळं पोटात पोचवलं, पण ओळख करून दिली ती स्वतःचीच. केळं बिचारं वेषांतर करून आलं आणि गेलं.

पुढे काय करायचं ते मला व्हिडिओतून नाही, चवथीच्या माटोळीतून सुचलं. गोव्याबाहेर राहणाऱ्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला त्या ऋतूतली फळं, भाज्या, रानातली फुलं-फळं बांधतात. ती माटोळी. नारळाची पेंड, सुपारीचं शिपटं, केळ्यांचा घड, तवशी, आंबाडे, तोरंजन, करमलं, आणि रानातून आलेली कांगलं, घागऱ्या, कवंडळं. चवथीच्या आदल्या दिवसांत डिचोलीत माटोळीचा बाजार भरतो, तेव्हा रानाचा एक तुकडाच रस्त्यावर येऊन बसल्यासारखं वाटतं. कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा घेतं. त्यात काही घरं फळांतूनच देवांच्या आकृती आणि पुराणातले प्रसंग उभे करतात. म्हणजे फळांतून गोष्ट सांगण्याची कला आपण मोबाइलवरून शिकायची गरजच नव्हती. ती घरात छताला टांगलेली होती.

त्या वर्षी नवरा स्टुलावर उभा राहून बांधत होता आणि लेक खालून एकेक वस्तू वर देत होती. सासूबाईंनी तिला एकच अट घातली: नाव सांगायचं, मगच वर द्यायचं. नाव माहीत नसेल तर विचारायचं. ती प्रत्येक वेळी आणखी एक प्रश्न जोडायची, “हे खायचं का?” आंबाडे, हो, पण आंबट. करमल, हो. मग तिच्या हाती लालभडक, गोल गरगरीत कवंडळ आलं. टोपलीतली सगळ्यांत देखणी वस्तू तीच.

“हे खायचं?”

“नाही हं. ते फक्त बघायचं. देखणं असतं ते सगळंच खायचं नसतं.”

तोरंजन तिच्या डोक्याएवढं होतं. दोन्ही हातांनी पोटाशी धरून तिनं ते बाबाकडे नेलं. विसर्जन झालं, माटोळी उतरली आणि ते तोरंजन सोललं, तेव्हा कुणी न सांगता तिनं दोन पाकळ्या खाल्ल्या. तोंड वाकडं केलं, तरी खाल्ल्या. वर म्हणाली, “हे मीच दिलेलं ना बाबाला.” ना डोळे, ना कान, ना टोपी. फक्त ओळख.

तेव्हापासून आमच्या बशीचा एक नियम झाला. गोष्ट हवीच, पण गोष्टीत फळानं फळ म्हणूनच यायचं. शोधायला लागले तेव्हा लक्षात आलं की आपल्या जुन्या गोष्टींत फळं सगळीकडे आहेत, आणि ती आपल्या नावानिशी आहेत. लहानग्या मारुतीनं सूर्याला फळ समजून झेप घेतली. मानकुरादची एक गोल चकती बशीच्या वरच्या कोपऱ्यात ठेवायची आणि खालून लेकीच्या बोटांनी उडी मारायची. मारुतीला नाही मिळालं, तिला मिळतं! पंचतंत्रातलं माकड जांभळीवर राहतं आणि मगरीला जांभळं देतं. ती गोष्ट जांभळांच्या दिवसांत सांगायची आणि सांगणाऱ्यानं मगर व्हायचं. शबरीची गोष्ट हिवाळ्यात, बोरं आली की. तिथे तर खाण्याची रीतसुद्धा गोष्टीतच आहे: आधी स्वतः चाखायचं, गोड निघालं तर दुसऱ्याला द्यायचं. नवीन फळ तोंडात घालायला घाबरणाऱ्या मुलाला याहून चांगलं निमित्त कुठलं? आमच्याकडे आंबट बोरं शबरी बाजूला ठेवते आणि गोड आजोबांना देते. या कारभारात शबरीच्या पोटात किती गेली ते कुणी मोजत नाही.

आणि आमचा लाडका संकासुर. पेडण्यात दशावतार पाहत वाढलेल्या कुणालाही काळ्या वेषातला संकासुर विसरता येत नाही. भीतीही वाटते आणि डोळेही मिटवत नाहीत. पाच-सहा जांभळं खाऊन आरशासमोर जीभ बाहेर काढली की संकासुर तयार. बशीवर काही कोरायला नको, रंगकाम जांभूळच करतं.

मुलांच्या इंग्रजी पुस्तकांनाही हा नियम लावून पाहा. एरिक कार्ल यांचं ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ हे १९६९ साली निघालेलं पुस्तक तुमच्या घरीही असेल. त्यातला सुरवंट सोमवारी एक सफरचंद खातो, मंगळवारी दोन पेअर, बुधवारी तीन प्लम, गुरुवारी चार स्ट्रॉबेरी, शुक्रवारी पाच संत्री. शनिवारी नाही नाही ते खाऊन त्याचं पोट दुखतं आणि रविवारी एक हिरवं पान खाल्ल्यावर बरं वाटतं. व्हिडिओंत या सुरवंटाची द्राक्षं झाली, पण पुस्तकात नीट बघा. तिथे प्रत्येक फळ फळच आहे, फक्त त्याला एक भोक पडलं आहे.

गेल्या मे महिन्यात पेडण्याला आम्ही या सुरवंटाला आठवडाभर गोव्यात राहायला बोलावलं. सोमवारी एक आंबा, मंगळवारी दोन चिकू, बुधवारी तीन जांब, गुरुवारी चार जांभळं, शुक्रवारी पाच करवंदं. आकडा वाढतो तसं फळ लहान होतं, म्हणून पोटालाही झेपतं. जांब, चिकू यांसारख्या मऊ फळांना भोक पाडायचं काम तिचं. करवंदांसाठी आजोबांबरोबर चालत जावं लागलं. आमच्या लहानपणी पेडण्याच्या पठारांवर करवंदांच्या जाळ्यांत हात ओरबाडून घेणं हेच सुट्टीतलं काम होतं. त्यातल्या मोपाच्या पठारावर २०२३ च्या जानेवारीपासून विमानं उतरतात. लेकीला विमानंही बघायची होती आणि करवंदंही हवी होती. त्या दिवशी दोन्ही मिळालं, आणि पाचाची पंधरा करवंदं झाली.

काही फळांना तर दुसऱ्याची गोष्ट लागतच नाही. काजू आणि अननस पोर्तुगीजांच्या जहाजांतून अमेरिकेहून आपल्याकडे आले आणि येताना आपली नावंही घेऊन आले. दोन्ही शब्द मूळ ब्राझीलमधल्या तुपी भाषेतले. समुद्र ओलांडून आलेला पाहुणा इथलाच होऊन बसला, ही गोष्ट परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांना विशेष पटेल. करमलाचा प्रवास उलटा. ‘कॅरम्बोला’ हे त्याचं जगभर चालणारं नाव पोर्तुगीजांनी आपल्याच ‘करंबळ’ वरून घेतलं, असं शब्दकोश सांगतात. आडवं कापलं की प्रत्येक चकती पाच टोकांची चांदणी. सुरी नीट चालवायची, बाकी काम फळानं केलेलंच असतं.

मला सगळ्यांत आवडते ती मानकुरादची गोष्ट. ‘मालकोरादा’ म्हणजे रंग नीट न चढलेला, असं पोर्तुगीजांनी त्याला नाव ठेवलं, आणि गोवेकरानं त्याच नावाच्या आंब्याला राजा केलं. २०२३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. लेकीनं हे ऐकून विचारलं, “मग कवंडळ देखणं, पण खायचं नाही, आणि मानकुराद देखणा नाही, पण खायचा?” सासूबाई म्हणाल्या, “शिकली गो माझी बाय.”

आता थोडं कामाचं. पाच वर्षांखालच्या मुलांना द्राक्ष अख्खं देऊ नका. उभे चार तुकडे करा, कारण गोल द्राक्ष घशात अडकू शकतं. जांभूळ आणि बोर यांच्या बिया मोठ्यांनी आधी काढाव्यात. टूथपिक आणि लवंगांचे डोळे व्हिडिओत छान दिसतात, मुलाच्या तोंडात नाहीत. काजूच्या बोंडूची बी मोठ्या माणसानंच पिरगळून काढावी, तिच्या टरफलातलं तेल कातडी भाजतं. बोंडूच्या चकत्यांना थोडं मीठ लावलं की घशाला कमी लागतात. मात्र त्या दिवशी जुना फ्रॉक घालावा, तो डाग जात नाही. करवंदाचा चीक जाईपर्यंत ती धुवावीत. फळ खायच्या वेळीच कापावं. आणि सगळी तयारी दहा मिनिटांत आटपावी. अर्धा तास खपून केलेली बशी मुलानं नाकारली की आपल्याला राग येतो, आणि त्या रागाची चव मुलाला बरोबर कळते.

या सगळ्यानं माझी लेक फळं आवडीनं खायला लागली, असं मी म्हणणार नाही. पपईशी तिचं अजून पटलेलं नाही. पण ती पपईला पपई म्हणून नाही म्हणते. आता तिला पंचवीस-तीस फळं नावानं ओळखता येतात, आणि ओळखीच्या माणसाला कधी ना कधी आपण घरात घेतोच.

सासूबाईंना माटोळीतली साठेक नावं येतात. मला मोजून पस्तीस. आपल्यातले बरेच जण पणजीला, पुण्याला, दुबईला, त्याहून लांब राहतात. तिथे कवंडळ मिळणार नाही, जांबही कदाचित नाही. पण जे फळ बाजारात मिळेल ते कापण्याआधी एकदा आजीला व्हिडिओ कॉल करा, फळ कॅमेऱ्यासमोर धरा आणि मुलाला विचारू द्या, “आजी, याला तुमच्याकडे काय म्हणतात? आणि याची गोष्ट काय?” बशी तोवर थांबेल.