हत्यार कोणाचे आणि भाडे कशाचे?

सुताराने एकदा करवत विकत घेतली की ती त्याची झाली. दात बोथट झाले तर तो कानशीने धार लावतो. करवत बनवणाऱ्याला विचारायला जात नाही. संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्या कारागिराचे मात्र तसे नसते.

माझा एक जुना विद्यार्थी तालुक्याच्या गावी राहून छोट्या व्यापाऱ्यांसाठी बिले आणि हिशेबाचे प्रोग्राम लिहितो. मध्यंतरी तो म्हणाला, "सर, माझं एक महत्त्वाचं हत्यार भाड्याचं आहे. या वर्षी पैसे भरले नाहीत तर मी स्वतः लिहिलेलं जुनं कामसुद्धा मला त्यात उघडता येणार नाही." मी पडलो मराठीचा मास्तर. माझा संगणकाशी संबंध असे चार शब्द लिहिण्यापुरता. पण हा प्रश्न यंत्राचा नसून व्यवहाराचा आहे असे वाटले, म्हणून त्याच्याकडून समजून घेतले, थोडे स्वतः वाचले.

या धंद्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १९८३ साली बोर्लंड या अमेरिकन कंपनीने टर्बो पास्कल अवघ्या ४९.९५ डॉलरला विकायला काढले. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाला कंपायलर म्हणतात. त्या काळी त्यासाठी कित्येकशे डॉलर मोजावे लागत. स्वस्ताईपेक्षा मला आवडली ती त्या कंपनीची अट. हे पुस्तकासारखे वापरा, असे तिचे म्हणणे. कितीही जणांनी वापरावे, या यंत्रावरून त्या यंत्रावर न्यावे, फक्त एकाच वेळी दोन ठिकाणी नको. शाळेच्या ग्रंथालयात आम्ही जन्मभर दुसरे काय केले? आपल्याकडच्या कितीतरी महाविद्यालयांत याच कंपनीचे टर्बो सी ते जुने झाल्यावरही वर्षानुवर्षे शिकवले जात होते. विकत घेतलेली वस्तू अशी तिच्या कर्त्यालाही मागे टाकते.

पण वस्तू आपली झाली म्हणून तिची काळजी घेणारा मिळतोच असे नाही. मायक्रोसॉफ्टचे व्हिज्युअल बेसिक ६ हे १९९८ साली आले आणि जगभर लाखो प्रोग्राम त्यात लिहिले गेले. २००५ मध्ये त्याचा नेहमीचा आधार संपायची वेळ आली, तेव्हा प्रोग्रामरांनी सह्या गोळा करून विनंती केली. २००८ मध्ये उरलासुरला आधारही संपला. हत्यार हातात होते, पण ते दुरुस्त करणारे दुकान बंद झाले होते.

दुसरी वाट रिचर्ड स्टॉलमन यांची. साधने मुक्त असावीत, कोणीही उघडून पाहावीत, बदलावीत, वाटावीत, हा त्यांचा आग्रह. तरीही १९८५ साली ते आपल्या ईमॅक्स या मुक्त संपादकाची टेप १५० डॉलरला विकत. मुक्त आणि फुकट यांत फरक आहे तो असा. त्यांचा जीसीसी हा कंपायलर १९८७ मध्ये आला. १९८९ मध्ये सिग्नस नावाची कंपनी निघाली, ती अशा मुक्त साधनांच्या देखभालीचेच पैसे घेई. दहा वर्षांनी रेड हॅटने ती विकत घेण्याचे जाहीर केले. म्हणजे पुस्तक कोणालाही मिळो, शिकवणाऱ्या मास्तराला पगार हवाच!

आता माझ्या विद्यार्थ्याची खरी अडचण सांगतो. व्यापारी त्यालाही हेच विचारतात: "एकदा प्रोग्राम घेतला ना, मग दरवर्षी पैसे कशाचे?" १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हा त्याने प्रत्येक दुकानाची बिले नव्याने बसवून दिली. रात्री अकरा वाजता फोन घेतले. हे कष्ट मूळ किमतीत कसे मावतील? स्वतःचे भाडे त्याला जाचक वाटते आणि त्याने मागितलेले त्याच्या गिऱ्हाइकाला. दोघांचेही खरे आहे.

मला वाटते, भांडण पैसे घेण्याचे नाहीच. पैसे थांबले तर काय उरते, हा प्रश्न आहे. २०१५ मध्ये प्राग इथल्या जेटब्रेन्सने आपली साधने वर्गणीवर न्यायचे जाहीर केले, तेव्हा प्रोग्रामर खवळले. कंपनीने काही दिवसांतच अट बदलली. सलग बारा महिने पैसे भरले की ते बारा महिने सुरू होताना असलेली आवृत्ती कायमची तुमची. पुढे वर्गणी बंद केली तर नव्या सुधारणा मिळणार नाहीत, पण हातातले काम अडणार नाही. मला ही तडजोड न्याय्य वाटली.

त्यावर आम्ही दोघे बराच वेळ बोललो. त्याने ते भाड्याचे हत्यार आणखी एक वर्ष ठेवले आहे आणि तेवढ्या अवधीत जुने काम मुक्त साधनांवर हलवतो आहे. शिवाय आपल्या गिऱ्हाइकांना त्याने साध्या मराठीत एक कागद लिहून दिला. देखभालीचे पैसे थांबवले तरी प्रोग्राम चालेल, जुनी बिले दिसतील, छापताही येतील. फक्त नवे बदल आणि फोनवरची मदत थांबेल. कागदाचे शुद्धलेखन माझ्याकडून तपासून घेतले. दोन व्यापाऱ्यांनी त्यानंतर वर्गणी बंद केली, हेही सांगायला हवे. त्यांचे प्रोग्राम आजही चालू आहेत.